उनपदेवचे चाळीस पर्यटक

कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजल्याचा वास आला, की मला तोंड लपवावंसं वाटतं. नव्वद सालाच्या आसपास आमचे भूगोलाचे सर खानदेशातल्या पर्यटनावर संशोधन करत होते. पर्यटकांना प्रश्न विचारायला त्यांनी मला उनपदेवच्या गरम झऱ्यावर पाठवलं. मी सावलीत बसून भरीत-भाकरी हाणली आणि चाळीसही फॉर्म स्वतःच भरून टाकले.

सर ते वाचून हसले. "काय रे भाऊ, बठ्ठा चाळीस पर्यटकस्ले भरीतच आवडनं?" मग म्हणाले, "रविवारी दोघं जाऊ. स्टँडवर ये." लाजेने मी गेलोच नाही.

परवा सर गेले. घरी भेटायला गेलो, तर काकूंनी कपाटातला त्या फॉर्मचा गठ्ठा माझ्या हातात दिला. वरच्या फॉर्मवर सरांचं अक्षर होतं: 'रविवारी त्याची वाट पाहत दोन गाड्या जाऊ दिल्या. तिसरीने एकटाच गेलो.'