पाकिटावर नसलेलं गाव

रेखावहिनींचं नाव आधी घेतो. आजारी सासूला, म्हणजे कौसामावशीला, त्यांनी त्या सकाळी उचलून घरातून पारापर्यंत आणलं, कारण आमच्या हट्टा गावात त्यांच्या आळीत मोबाइलला रेंज फक्त पारावर यायची. फोन तिच्या कानाशी धरला. मी इकडे मस्कतच्या गोदामात पोत्यांच्या आडोशाला बसून बोललो. चौथ्या दिवशी मावशी गेली... मला जाता आलं नाही. नवं दुकान उघडायचं होतं, रजा मिळाली नाही. त्याला आता सहा आठवडे झाले.

मावशी नात्याची नव्हे, शेजारची. आठवीत माझी शाळा सुटली तेव्हा तिनंच मला हळदीच्या आडतीवर नेलं. हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, चुरा वेगळा. मी भराभर निवडायला लागलो की म्हणायची, "घाई काहून करून राहिलास? हळद काय पळून चालली?" त्या शिकवण्यावर पुढे मला दुबईच्या एका मसाल्याच्या गोदामात काम लागलं.

तेव्हा आमच्या मालकांचं एकच दुकान होतं. मग आखातातल्या देशांनी आपसातली जकात काढली. माल एका बंदरात उतरला, जकात एकदा भरली, की ट्रक सरळ पुढच्या देशात. मालकांनी मस्कत, बहारीन, दोहा, कुवेत अशी दुकानं वाढवली आणि मसाल्यांना स्वतःच्या नावाचं पाकीट काढलं. प्रत्येक नव्या दुकानात फळ्या लावायला मला पाठवायचे. देश बदलायचा, फळी तीच, हळदीची जागाही तीच. हळद मात्र पुष्कळदा आमच्या वसमतकडची. पोतं उघडलं की आडतीवरचा तोच वास यायचा.

मावशी फोनवर विचारायची, "पाकिटावर आपल्या गावाचं नाव हाय का रं?" एकदा मी "हाय" म्हणून बसलो. तिनं ते आडतीवरच्या सगळ्या बायांना सांगितलं. सुट्टीत पाकीट घेऊन गेलो तर हसली, "हळदीच्या गावात हळद आणलीस व्हय? उद्या कयाधू नदीला पाणी नेशील!" बायाही हसल्या. मग म्हणाली, "दाव, कुठं लिवलंय?"

तिला वाचता येत नव्हतं. पाकिटाच्या मागे, कंपनीची दुकानं होती त्या सगळ्या देशांची नावं इंग्रजीत ओळीनं छापलेली होती. हळद पिकली त्या गावाचं नाव कुठेच नव्हतं. मी एका नावावर बोट ठेवलं. "हे बघ, हट्टा." ते बहारीन होतं. मावशीनं त्यावरून बोट फिरवलं. मग एकेक करून साऱ्या बायांनी फिरवलं.

ते बोट मला पुढे किती वर्षं टोचत राहिलं. मावशीचं आता खरं नाही असं वहिनींनी कळवलं, तेव्हा मी एवढंच म्हणालो, एकदा बोलू द्या.

"मावशी, मी खोटं बोललो. पाकिटावर हट्टा न्हाई."

मावशी म्हणाली,

"मला ठावं हाय. रेखानं त्याच दिशी वाचून दावलं हुतं."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"बाया किती खूश झाल्या हुत्या. अन् तुझं तोंड बघितलं, लेकरा. एवढ्या लांब एकटा राहून राहिलास, वरून तुला काय बोलू?" मग म्हणाली, "जेवलास का?"

ते आमचं शेवटचं बोलणं.

मावशी हळकुंडाचा मोडलेला तुकडा मनगटाच्या आतल्या बाजूला घासून रंग बघायची आणि तो डाग दिवसभर धुवायची नाही. इथं नवं पोतं आलं की मीही तसंच करतो. साहेब आले की बाही खाली ओढतो.

वहिनी, तुम्ही वाचलंत आणि गावात कुणाला कळू दिलं नाहीत. त्या दिवशी मावशीला एकट्यानं उचललंत. याची फेड कशी करायची ते मला अजून सुचत नाही. पण पुन्हा कधी तुमच्यावर कुणाला असं उचलून न्यायची वेळ आली, तर दुसऱ्या बाजूनं धरायला मी असेन. रजा मिळो, न मिळो.