एका स्क्रूचा जोड

माझा मेव्हणा घरं गरम आणि थंड ठेवण्याचं काम करायचा. थंडीच्या आधी हीटर, उन्हाळ्याच्या आधी एसी. चाळीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. मी त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याच्यावर कुणी लिहिणाऱ्या माणसानं लिहायला हवं होतं; तसं कुणी भेटलं नाही, म्हणून मीच लिहितो आहे.

धंद्यातले लोक त्याला ‘मोजपट्टी’ म्हणत. गिऱ्हाईक म्हणालं, “शेजाऱ्यांनी दीड टनाचा एसी बसवलाय, मला दोनाचा द्या,” की हा खिशातून पट्टी काढायचा. खोली मोजायचा, खिडक्या मोजायचा, दुपारी कुठली भिंत तापते ते विचारायचा आणि शेवटी एक टनाचा सांगायचा. “मोठा लावलात तर खोली पटकन गार होईल आणि मशीन थांबेल. परत चालू, परत बंद. हवेतली ओल तशीच राहील. अंथरूण दमट लागेल.” निम्मी गिऱ्हाइकं इथंच निघून जात. गिऱ्हाईक सांभाळायचं काम त्याच्या धाकट्या भावाकडं होतं. तो म्हणायचा, “मी माणसं गोळा करून आणतो, दादा ती मोजून परत पाठवतो.”

आमच्या शहरात या ठेकेदारांची एक संघटना आहे. तिचं कार्ड ज्याच्याकडं असेल त्यालाच हीटरचं काम पुरं झाल्याच्या कागदावर सही करता येते. मेव्हणा तिच्या तपासणी समितीचा प्रमुख होता. अठरा पानांची नियमांची पुस्तिका बहुतेक त्याच्याच हातची. त्यातला एक नियम असा, की हीटरच्या धुराच्या पाइपाला प्रत्येक जोडावर तीन स्क्रू हवेत. कमी सापडले तर सहा महिने सही बंद. जोड निसटला तर विषारी वायू घरात पसरतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही, म्हणून हा नियम.

एका वर्षी थंडी सुरू झाल्यावर माझ्या बायकोचं डोकं दोन आठवडे दुखत होतं. आम्ही चष्म्याला दोष दिला. मेव्हणा दरवर्षीसारखा तपासणीला आला. त्याच्या हातात वायू मोजायचा मीटर होता. आमच्या झोपायच्या खोलीत जाऊन तो दारातच थांबला. जिथं शून्य यायचं तिथं चौतीस आले होते.

“ताई, शाल घे आणि बाहेर ये. दाजी, तुम्हीही.”

“चहा टाकलाय,” ही म्हणाली.

“बंद कर आणि ये.”

त्यानं हीटरचा गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो. पाइप निवल्यावर तो माळ्यावर चढला आणि बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा केसांत जळमटं होती.

“मागच्या टोकाचा जोड बोटभर निसटलाय,” तो म्हणाला. “एकच स्क्रू आहे. बसवलेला मीच आहे.”

हीटरच्या झाकणाच्या आत त्याच्याच अक्षरात नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती. ही त्याची सवय, स्वतःच्या प्रत्येक कामावर तारीख घालायची.

“पण तू दरवर्षी बघतोस की,” मी म्हणालो.

“टॉर्च मारून बघायचो. हात लावला नाही कधी. तिथं आडवं पडल्याशिवाय हात पोचत नाही.”

संध्याकाळी धाकटा आला. तोवर मेव्हण्यानं कामाची जुनी वही काढली होती. आमचा हीटर बसवला त्या वर्षी थंडी लवकर पडली होती आणि चार दिवसांत त्यानं अकरा घरं केली होती. आमचं त्यातलं एक.

“एक मारला आणि बाकीचे दोन उद्या येऊन मारू, असं म्हटलं असेल,” तो म्हणाला. “आठवत नाही.”

“सगळ्या घरी जाऊन ये,” धाकटा म्हणाला. “मोफत तपासणी म्हणून सांगू. कुठं एकच असला तर दोन मार आणि खाली ये. विषय संपला.”

“आणि त्यांना काय सांगू?”

“काही सांगू नकोस. दादा, सोमवारी नव्या वसाहतीचा करार आहे. चाळीस घरं. तुझी सही आहे म्हणून त्यांनी आपल्याला घेतलं. माझ्याकडं कार्ड आहे का? तुझं कार्ड गेलं की मी शिडी खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस.”

“ताईचं डोकं दोन आठवडे दुखत होतं. तिथंही कुणाचं दुखत असेल. डॉक्टरकडं चकरा मारत असतील. का दुखतं ते त्यांना कळायला नको?”

मी म्हणालो, की हे आपल्या घरात सापडलंय तर घरातच राहू दे. आज ते लिहिताना बरं वाटत नाही, पण म्हणालो.

“तुम्ही बोलू नका,” बायको म्हणाली. “तुमचं डोकं दुखलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी मेव्हणा निघाला. शिडी धरायला मी बरोबर गेलो, कारण धाकटा आला नाही. प्रत्येक दारात तो तेच बोलायचा: नऊ वर्षांपूर्वी मी तुमचा हीटर बसवला, तेव्हाच्या एका कामात माझी चूक सापडली आहे, तुमच्याकडंही असू शकेल, बघू द्या. दोन दिवस लागले. दहा घरांपैकी एकानं हीटर बदललेला होता. आठ घरांत तिन्ही स्क्रू जागेवर होते. मला वाटलं होतं, ते लोक खूश होतील. उलट तेच जास्त चिडले.

“सगळं ठीक आहे ना? मग सांगितलंत कशाला?” एक गृहस्थ म्हणाले. “आता रोज रात्री माझी बायको मला माळ्यावर पाठवणार.”

दहावं घर एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं. त्या एकट्या राहत. त्यांच्या माळ्यावर एकच स्क्रू होता. जोड अजून निसटला नव्हता. मेव्हण्यानं खाली येऊन सांगितलं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

“वर्गात कुणी चूक कबूल केली तर मी त्याला शिक्षा करत नसे,” त्या म्हणाल्या. “पण त्याची वही त्यालाच तपासायलाही देत नसे. तुम्ही आता हात लावू नका. मी दुसरा माणूस बोलावते.”

“तोवर हीटर लावू नका,” मेव्हणा म्हणाला. गॅस बंद करून, खुणेला लाल चिठ्ठी अडकवून आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर तो मला म्हणाला, “बरोबर बोलल्या.”

शनिवारी संघटनेची बैठक होती. त्यानं स्वतःविरुद्ध अर्ज दिला होता. मला आत बसायची परवानगी नव्हती, पण दार उघडं होतं. सभासद अवघडून बसले होते. अध्यक्ष म्हणाले, “मोजपट्टी, कुणाला काही झालेलं नाही. ताकीद देऊ आणि मोकळे होऊ.”

मागच्या रांगेतून ‘फटफटी’ उठला. हाही ठेकेदार. जुन्या मोटरसायकलवर फिरतो म्हणून ते नाव. तीन वर्षांपूर्वी याच नियमाखाली मेव्हण्यानं त्याची सही सहा महिने बंद केली होती.

“मला ताकीद चालली असती,” तो म्हणाला. “तेव्हा कुणी विचारलं नाही.”

“तुझे दोन होते,” मेव्हणा म्हणाला. “माझा एकच आहे.”

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. फटफटी हसला नाही. “मग तुला नऊ महिने हवेत,” तो म्हणाला.

सहा महिनेच ठरले. चाळीस घरांचा करार सोमवारी दुसऱ्याकडं गेला. धाकटा महिनाभर दादाशी कामापुरतंच बोलला, आणि काम फारसं नव्हतं.

थंडीमुळं सगळे ठेकेदार अडकलेले होते. बाईंकडं जायला आठवडाभर कुणी मोकळं नव्हतं. त्या दोन स्वेटर घालून राहिल्या असं कळलं. शेवटी फटफटी गेला. त्या दुपारी मेव्हणा आमच्याकडं जेवायला बसला होता, तेवढ्यात फटफटीचा फोन आला. त्यानं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, म्हणून आम्हीही ऐकलं.

“मी त्या बाईंच्या माळ्यावर आडवा पडलोय. इथं तुझा हात पोचला तरी कसा?”

“डाव्या कुशीवर वळ.”

“वळलो. इथं एकच स्क्रू बसतो. बाकीच्या दोन जागा तुळईच्या मागं जातात. आहे तो एकच ठेवू आणि वर गच्च पट्टी गुंडाळू?”

मेव्हण्यानं पानातला घास तसाच ठेवला. “नको. पाइप तिथून सोडव. दोन्ही तुकडे खाली आण, खाली जमिनीवर जोड, तीन मार, मग अख्खा वर ने.”

“अख्खा नेण्यासाठी छताची एक फळी काढावी लागेल. दिवस जाईल माझा.”

“जाईल.”

“तुला हे तेव्हा सुचलं नाही?”

“सुचलं असणार,” मेव्हणा म्हणाला. “तेव्हा दिवसाला तीन घरं करत होतो.”

पलीकडून स्क्रू सोडवल्याचा आवाज आला. मग फटफटी म्हणाला, “बाईंना सांग, छताची फळी काढतोय. मी सांगितलं तर माझ्यावर ओरडतील.”

“तूच सांग. माझं त्या ऐकणार नाहीत.”

त्यानं फोन ठेवला आणि जेवण पुरं केलं.

सहा महिन्यांनी त्याचं कार्ड परत आलं. तपासणी समितीवर तो पुन्हा गेला नाही. तिथं फटफटीला घेतलं. त्या दहा घरांपैकी सहांनी मेव्हण्याला पुढंही बोलावलं. बाईंनी नाही बोलावलं.