चौथी मानस

या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते आणि खाली नेमाने शंका काढते. 'वायरिंग तपासलं का', 'जेवण काय झालं होतं' असं विचारणारी ती खडूस बाई मीच. त्यामुळे आज तुम्ही माझी फिरकी घ्याल हे गृहीत धरूनच लिहितेय. घ्या खुशाल. पण आधी पूर्ण वाचा.

मी गोव्यातल्या चोपड्याची. म्हणजे सून म्हणून आलेली, पण आता पंधरा वर्षं झाली. नवरा दिनेश तुयेच्या फॅक्टरीत सुपरवायझर, मी घरून प्रोग्रॅमिंगची कामं करते. आमच्या वाड्याची, म्हणजे वस्तीची, भातशेती शापोरा नदीला लागून आहे. मध्ये मातीचा बांध आणि बांधात मानशी. मानस म्हणजे लाकडी दार — भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं. ते नीट मिटलं नाही की खारं पाणी आत येतं, आणि एकदा आलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात विसरायचं.

मानशी सांभाळतात सगुणकाका. सत्तरी ओलांडली, गुडघे गेले, तरी प्रत्येक भरतीला बांधावर. त्यांचे हाल बघून मीच वाड्याच्या बैठकीत म्हटलं, मानशींवर यंत्रं लावू. प्रत्येक यंत्रात एक सिमकार्ड. दर पाच मिनिटांनी ते माझ्या घरी निरोप पाठवणार — मी अमुक नंबर, पाणी बांधाच्या माथ्यापासून इतके सेंटिमीटर खाली.

हे निरोप घेणारा छोटासा सर्व्हर मी स्वतः लिहिला. चाळीस-पंचेचाळीस ओळी, बस्स. दाराशी बसवलेल्या माणसासारखं त्याचं काम. कोणी हाक मारली की 'ये' म्हणायचं, निरोप ऐकायचा, वेळ आणि हाक मारणाऱ्याचा पत्ता टाकून लिहून ठेवायचा, 'मिळाला' म्हणायचं, पुढच्याला घ्यायचं. काडेपेटीएवढ्या कॉम्प्युटरवर तो चालतो आणि ती डबी आमच्या फ्रिजवर असते, पोदेराकडच्या पावांच्या टोपलीशेजारी.

यंत्रं मी तीन मागवली तेव्हा सगुणकाका अडून बसले.

"मानशी चार, तर यंत्रांय चार जाय गो बाय."

"काका, चवथी तर बुजवल्या. आता ती भिंत. भिंतीक कितें विचारपाचें?"

"भिंत आमी घातली. पाण्याक खंय ठावक?"

मी हसले. चौथी मानस त्यांच्या वडिलांच्या काळात दगड-सिमेंटने बंद केली होती. तरी राखणदाराचा, म्हणजे बांध राखणाऱ्या देवाचा, रोट ठेवताना काका दर वर्षी चारही जागी ठेवतात. मला वाटलं, तोच हट्ट इथेही. यंत्रं तीनच बसली.

आता त्या दिवसाचं. पितृपक्षातली अमावास्या होती... हो, माहीत आहे, तुम्ही लगेच खुर्ची पुढे ओढली असेल! पण भूतबित काही नाही, लख्ख ऊन होतं, सकाळचे साडेअकरा. अमावास्येला भरती मोठी येते आणि आमच्याकडे ती दुपारच्या सुमाराला चढते, एवढाच तिचा संबंध. भात पोटरीवर आलं होतं. रस्ता खणताना कोणीतरी केबल तोडली आणि नेट गेलं. घरातलं वाय-फाय चालू, पण बाहेरून काहीही येणं शक्य नाही. तिन्ही मानशी गप्प झाल्या. मी लॅपटॉपवर नोंदी बघत चरफडत होते.

तेवढ्यात ओळ उमटली. चार — ३१.

मला आधी रागच आला. कोण मस्करी करतंय? पत्ता बघितला, तर तो त्या डबीचाच होता. म्हणजे हाक बाहेरून आलीच नव्हती, डबीच्या आतूनच कोणीतरी मारली होती. पाच मिनिटांनी चार — २७. मी सर्व्हर बंद केला, डबीची वायर काढली, पाणी प्यायले, परत लावली. सर्व्हर उठला आणि पहिलीच ओळ, चार — २४.

मी घाबरले नाही. मला ते खोटं पाडायचं होतं. टेप घेतली, स्कूटर काढली आणि थेट बांधावर गेले. काका तिसऱ्या मानशीची फळी बसवत होते.

"उन्हात कित्याक आयलंस गो?"

"चवथीकडे चला. माका एक गोष्ट खोटी करून दाखवपाची आसा."

भिंतीजवळ पोचलो. नदीच्या बाजूला मी वाकून टेप सोडली. माथ्यापासून पाणी एकोणीस सेंटिमीटर. घड्याळ बघितलं, अकरा पंचावन्न. आणि मागे काका ओरडले. भिंतीच्या बुडाशी, आमच्या शेताच्या बाजूला, पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, खालची माती पोखरली होती. हाताएवढं भोक होतं आणि ते डोळ्यांदेखत मोठं होत होतं.

मी फोन करत सुटले. दहा-बारा बाया-बाप्ये आले. पेंढा, झावळ्या, चिखल... काका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पायाने भोक दाबत होते आणि मी त्यांच्या हातात चिखलाचे गोळे देत होते. तासाभराने पाणी उतरायला लागलं. एक कोपरा करपला, बाकी भात वाचलं. मी तिथेच बांधावर बसून रडले, लाज नाही वाटली.

घरी येऊन नोंद बघितली. अकरा पंचावन्न, चार — १९.

आता तुमच्या शंका, ज्या मीच काढल्या असत्या. चाचणीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम चुकून चालू राहिला? तो लॅपटॉपवर होता, त्याचा पत्ता वेगळा असता. डबीत कोणी घुसलं? नेटच नव्हतं आणि घरात मी एकटी. माझ्या दोन मित्रांनी, दोघंही याच धंद्यातले, डबी आठवडाभर उसवली. हाती काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका नारळ आणि रोट घेऊन दारात. डबीपुढे ठेवायचा म्हणाले.

"राखणदारान हाक मारली तुका."

"माका कोणी हाक मारूंक नाय, काका. यंत्रान लिहिलां."

"यंत्र तुजां. तोंड कोणाचां?"

मी नारळ फोडू दिला नाही. आजही देणार नाही. उत्तर माहीत नाही म्हणजे 'माहीत नाही', त्याच्या जागी कोणालाही बसवायचं नाही. गावात काही जण त्यावरून माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू.

मात्र तपासताना माझी एक चूक सापडली. हाक मारणारा कोण, हे माझा सर्व्हर विचारतच नव्हता. येईल त्याला 'ये'. हे धंद्यात अक्षम्य. म्हणून मी ओळखीच्या नंबरांची यादी केली, यादीबाहेरच्याला दारातूनच परत. एक, दोन, तीन लिहिलं. समोर जनेलातून शेत दिसत होतं, लोंब्या वाकलेल्या.

चौथ्या मानशीवर यंत्र अजून नाही. भिंत नवी, पक्की आहे, गरजही नाही. आणि माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे पुन्हा सांगते. पण यादीत चार नंबर आहे. मीच लिहिलाय.