इतरांच्या रकान्यातलं शून्य

नाशिक शहराचा जुना विधानसभा मतदारसंघ पुनर्रचनेत संपला तेव्हा त्याच्या निवडणुकांवर एक पान करायचं काम माझ्याकडे आलं. शहराचे पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन मतदारसंघ झाले होते. जुन्या मतदारसंघाच्या शेवटच्या काही निवडणुका मी आधी बातमीदार आणि मग उपसंपादक म्हणून पाहिल्या होत्या. जुने अंक कुठल्या कपाटात आहेत हेही मलाच माहीत होतं.

आमच्या दैनिकात निकालाच्या तक्त्याचा एक नियम होता. पहिले तीन उमेदवार नावानिशी, बाकीचे सगळे मिळून ‘इतर’. तक्ता दोन कॉलमांत बसवायचा असे आणि अपक्ष कधी कधी डझनभर असत. हा नियम कोणी घातला ते कोणाला सांगता येत नव्हतं. मी पानं लावू लागलो तेव्हापासून तो काटेकोरपणे पाळत आलो होतो.

नव्वदच्या दशकापासून या ‘इतर’मध्ये दर वेळी एक माणूस असे. गंगापूर रोडच्या बाहेरच्या टोकाला, पाटाच्या पलीकडे त्यांचा आणि भाऊबंदांचा मळा होता, मळ्यातच सगळ्यांची घरं. गुलाब, शेवंती आणि मेथी-कोथिंबीर. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. त्यांची मागणी एकच होती. डांबरी रस्त्यापासून पाटावरून मळ्यापर्यंत पक्का रस्ता. पावसाळ्यात टेम्पो आत येत नसे, आणि भिजलेला गुलाब दुपारच्या बाजारात कोणी हातात घेत नसे. अर्ज-विनंत्या करून झाल्यावर नानांनी उमेदवारी अर्ज भरायला सुरुवात केली. पहिल्यांदा त्यांना पतंग हे चिन्ह मिळालं, नंतर नारळ.

निकालानंतरच्या सोमवारी ते कार्यालयात येत. टोपी काढून बाकावर ठेवत आणि विचारत, “भाऊ, आमचा आकडा?”

मी वहीत बघून एकूण मतं सांगत असे.

“ते झालं. आमच्या शाळेतल्या केंद्रावर किती?”

ते तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. मतपत्रिकांचे दिवस होते. प्रत्येक केंद्राच्या पेटीतल्या मतपत्रिका आधी नुसत्या मोजत, मग सगळ्या केंद्रांच्या एका मोठ्या पिंपात टाकून सरमिसळ करत आणि त्यानंतर कोणाचं मत कोणाला ते बघत. कुठल्या वस्तीनं कोणाला मत दिलं हे कळू नये म्हणून ही पद्धत होती. मी नानांना ती समजावून सांगितली.

“म्हणजे आमचं दूध अन् त्यांचं दूध एकाच कॅनमध्ये,” ते म्हणाले. “पण मला ठाऊक हाय. मळ्यातलं एक मत बाहेर गेलेलं नाय.”

आमचा क्रीडा प्रतिनिधी शेजारच्या टेबलावर बसत असे. तो म्हणाला, “नाना, वहिनींचं तरी नक्की का?”

“तुझ्या वहिनीनं नाय दिलं तर जेवण कोण करील मला?” नाना म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

जुन्या मतदारसंघाची शेवटची निवडणूक मतदान यंत्रांवर झाली. यंत्र आल्यावर पिंप गेलं. प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा नोंदला जाऊ लागला आणि तो तक्ता निवडणूक शाखेतून मिळू लागला. त्या वेळी नाना उभे होते, चिन्ह शिलाई मशीन. मात्र निकालानंतरच्या सोमवारी ते आले नाहीत. मीही केंद्रनिहाय तक्ता मागवला नाही. पानावर जागा नव्हती आणि कोणी विचारलंही नव्हतं.

तो मी मागवला मतदारसंघ संपल्यावर, या पानासाठी. तक्त्याची पानं लांब होती आणि छपाई फिकट. नानांच्या शाळेतल्या केंद्राची ओळ शोधून पट्टी लावली. शिलाई मशीनच्या रकान्यात शून्य होतं. इतर केंद्रांवर त्यांना कुठे चार, कुठे नऊ मतं होती. त्यांच्या स्वतःच्या केंद्रावर एकही नव्हतं.

क्रीडा प्रतिनिधीनं ओळ वाचली. “घरात सहा मतदार,” तो म्हणाला. “स्वतःचंही बटण चुकलं की काय म्हाताऱ्याचं?” सगळे हसले. मीही हसलो. मग मी ते पान फायलीत खाली सरकवलं. इतकी वर्षं माणूस ज्या आकड्यासाठी येत होता तो त्याला न सांगणंच बरं, असं मला वाटलं.

दोन आठवड्यांनी नाना स्वतःच आले. पान होतंय हे त्यांना कुठून तरी कळलं होतं.

“यंत्राचं केंद्रावार कळतं म्हणं आता. आणलंय का तुम्ही?”

मी म्हणालो, पूर्ण यायचं आहे.

“भाऊ, खरं सांगा. आमच्या केंद्रावर मला शून्य हाय ना?”

मी हो म्हणालो. त्यांनी बाकावर दोन्ही हात टेकले आणि मोठा श्वास सोडला.

“नाय तर मेलो असतो,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. यंत्रावरच्या त्या निवडणुकीत, अर्ज मागे घ्यायची मुदत टळून गेल्यावर, एका मोठ्या उमेदवाराचा प्रचार सांभाळणारा स्थानिक पुढारी मळ्यात आला होता. मळ्यातली सगळी मतं आम्हाला द्या, रस्ता होईल, असा शब्द त्यानं दिला. यादीतून नानांचं नाव निघणार नव्हतं, चिन्हही राहणार होतं. नानांनी घराघरांत जाऊन सांगितलं की मशीनचं बटण कोणी दाबायचं नाही. मतदानाच्या दिवशी त्यांनी स्वतःही दाबलं नाही. बाहेर मात्र कोणाला काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणून ते निकालानंतर आले नव्हते.

रस्ता झाला नाही. नाना विचारायला गेले की पुढारी म्हणे, तुमच्या मळ्यातून आम्हाला काय मिळालं? तूच उभा होतास, तूच खाल्लीस मतं. पेपरमध्ये ‘इतर’चा आकडा मोठा होता, त्यातली नानांची किती ते कोणाला माहीत नव्हतं. त्या बोलण्यावर मळ्यातली माणसंही कुजबुजू लागली होती. नानांनी आमच्या तोंडावर एक सांगितलं आणि आतून बाकीच्या घरांना वेगळं सांगितलं, असं चुलतभावानं चारचौघांत ऐकवलं होतं.

“ते शून्य छापा, भाऊ.”

मी तक्त्याची प्रत काढून देतो म्हणालो.

“कागद कोणीबी आणतो. म्हणतील, कुठून तरी लिहून आणलं. पेपरात आलं की घरात वाचतात.”

“नाना, आपल्याकडे पहिले तीनच छापतात.”

“मग इतकी वर्षं मी इतर होतो, आता शून्य झालो तरी इतरच का?”

मी पान घेऊन संपादकांकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, आकडा अधिकृत आहे का. मी तक्ता दाखवला. “मग चौकट कर,” ते म्हणाले. “पण शेजारच्या केंद्रांचेही आकडे दे, नाही तर एकट्याची जाहिरात होते.”

पानाच्या तळाशी चौकट गेली. पाटालगतची पाच केंद्रं, सगळे उमेदवार, सगळे आकडे. खाली एक ओळ, की शिलाई मशीन चिन्हाच्या अपक्ष उमेदवाराला स्वतःच्या वस्तीतल्या शाळेच्या केंद्रावर एकही मत पडलं नाही. कारण लिहिलं नाही. ते माझ्याकडे कागदावर नव्हतं.

नाना दुसऱ्या दिवशी आले आणि दहा अंक घेऊन गेले. चुलतभावानं चौकट तीनदा वाचली, असं त्यांनी नंतर सांगितलं, आणि चहा मागवला. पुढाऱ्यानंही वाचली असावी. पावसाळ्यानंतर डांबरी रस्त्यापासून खडी पडायला लागली. ती पाटाच्या कडेला थांबली. पाटाच्या अलीकडचा भाग नव्या रचनेत एका मतदारसंघात होता, पलीकडचा दुसऱ्यात. पुढारी म्हणाला, माझा शब्द माझ्या हद्दीपर्यंत पाळला. नानांनी त्याच्याशी वाद घातला नाही. टेम्पो पाटापर्यंत येऊ लागला. तिथून मळ्यापर्यंत टोपल्या डोक्यावर.

नव्या मतदारसंघाच्या पहिल्या निवडणुकीत नानांनी पुन्हा अर्ज भरला, या वेळी खरोखर लढवायला. आमच्या तक्त्यात तेव्हा ‘इतर’ हा रकाना नव्हता. चार कॉलम लागले. केंद्रांचा तक्ता आला तेव्हा मीच त्यांना फोन केला आणि शाळेतल्या केंद्राची ओळ वाचून दाखवली. तिथं सगळ्यांत जास्त मतं त्यांना होती, पहिल्या तिघांपेक्षाही.



“मळ्यानं सगळीच मला दिली म्हणायची,” नाना म्हणाले. मग हसले. “म्हणजे निवडून आलेल्यावर आमचं काय देणं नाय. या पाच वर्षांत बी पाटापलीकडं रस्ता नाय.”