लांब की थांब

कॉलेजात तिला सगळे बेडकी म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्याचे पाय बेडकासारखेच झटकतात. मग नाव काय राजहंस ठेवायचं?

सकाळचं ऊन तलावाच्या काचेच्या छतातून झिरपे आणि तळाच्या फरशांवर सोनेरी जाळं हलू लागे. त्या जाळ्यावरून सरकताना तिला वाटे, आपण पोहत नाही आहोत, झोपेतच आपल्याला कुणीतरी अलगद उचलून नेतंय.

काठावर मास्तर. गळा असा, की कुंभकर्णही उठून बसावा. "लांब! लांब!" ते ओरडत. म्हणजे हात लांब फेक. पण या प्रकारात डोकं क्षणभरच वर येतं, तेही कानात पाणी घेऊन. हिला ऐकू येई, "थांब!" आणि ती थांबे. हात पुढे, पाय जुळलेले, अंग छडीसारखं सरळ. नुसती सरकत राही. शेजारणी हातपाय झोडत, आणि ही न धडपडता त्यांच्या पुढे.

वर्षभराने घोटाळा उघडकीला आला.

"तुम्हीच थांब म्हणता ना, सर?"

"मी? अगं, शर्यतीत थांब म्हणायला मला वेड लागलंय?" मास्तर पोट धरून हसले. "बरं झालं बहिरी निघालीस. आता तसंच ऐकत जा."

शेवटच्या वर्षाला परदेशची स्पर्धा आली. निघताना बाबांनी तुकडा पाडला, "अंतिम फेरीत आलीस तर खुशाल पोहत राहा, मी ब्र काढणार नाही. नाहीतर मामाच्या ऑफिसात रुजू व्हायचं."

तिथे संघाच्या बाई खेकसल्या, "पाण्यात डुलक्या काढतेस? हात चालव!" पहिल्या फेरीत बेडकीने निमूट हात चालवले, दमछाक झाली, आणि कशीबशी शेपटाला लोंबकळून उपांत्य फेरीत शिरली.

दोनशे मीटर. वर परक्या भाषेतला गलका, खाली निळी शांतता. तिने बाईंचं ऐकणं सोडून दिलं. झटका, आणि थांबणं. बाकीच्या पुढे गेल्या. मामाच्या ऑफिसातली डगमगती खुर्ची डोळ्यांपुढे आली. तरी ती थांबली. सरकत राहिली. शेवटच्या वळणानंतर दमलेले पाय एकेक करून तिच्या बाजूला आले, मग मागे गेले. दोन्ही हात भिंतीला लागले तेव्हा आपण जागे आहोत की नाही, हेच तिला कळेना. फलकावर नाव होतं. अंतिम फेरीत आठ जणी घ्यायच्या, ही आठवी.

तिने घरी फोन केला. आईने गॅलरीतूनच शेजारणीला ओरडून सांगितलं, "आमची पोरगी आठवी!"

"अगं बाई! एवढी घोडी झाली, अजून आठवीतच?"

अंतिम फेरीत ती सगळ्यांच्या मागे राहिली. पुढेही पुष्कळ वर्षं पोहली, एकदा पाचवी आली. पदक काही हाती लागलं नाही, आणि लागलं असतं असा आव तिने कधी आणला नाही.

परदेशच्या त्या पहिल्या स्पर्धेहून परतली तेव्हा बाबांनी दारातच बॅग घेतली. "मामाला सांगितलंय, दुसरं माणूस बघ म्हणून." मग बॅग आत ठेवता ठेवता विचारलं, "उद्या तलावावर जायला किती वाजता उठवू?"

ती सोफ्यावर आडवी झाली होती. डोळे न उघडताच म्हणाली, "परवापासून हो, बाबा."