मढच्या पडवीतलं टोपडं

रत्नप्रभा माझी धाकटी बहीण. सख्खी. हे आधीच सांगून टाकतो, कारण अख्खं मुलुंड तिला ‘टोपड्यावाल्या काकू’ म्हणून ओळखतं, पण तिचा भाऊ कोण हे कोणी विचारत नाही. भाऊ मी, दत्ताराम. आठवी पास, कांजूरमार्गला पस्तीस वर्षं सायकलचं दुकान. ती सहावीत असताना तिच्या पहिल्या सुया मीच बनवल्या. चाकाच्या तारा तोडल्या आणि दगडावर घासून घासून टोकं गोल केली. बोटांतली कला देवाची असेल, सुया माझ्या.

मुंबईत लोकर घालतो कोण, असं विचारणारे शहाणे खूप भेटतात. त्यांना मी बोलतो, बाबा रे, मुंबईत पोरं जन्माला येतात की नाही? तीस वर्षांत मुलुंड ते भांडुप जेवढी बाळं पाळण्यात पडली, त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर माझ्या बहिणीचं टोपडं होतं. निम्मी म्हणजे मी कमीच सांगतोय.

तर गेल्या गणपतीत रत्ना ओट्याजवळ घसरली आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. ते निघालं तेव्हा डॉक्टर बोलले, हाड झकास जुळलंय, आता हात चालवा. रत्ना चपात्या लाटायला लागली, भांडी घासायला लागली. सुयांना मात्र हात लावेना. आणि नेमकी तिची सून श्रुतिका सातव्या महिन्यात! पहिलं नातवंड. जगाला टोपडी घालणारी बाई, आता घरचंच डोकं येणार, आणि ही गप्प.

कोणी विचारलं की तिचं उत्तर तयार. “जन्माआधी नवीन काही करत नाहीत आमच्यात. पहिलं कापड जुनंच लागतं.”

तसं आहे खरं आमच्यात, मालवणी माणसांत. बाळ पोटात असताना त्याच्यासाठी नवं काही घरात येत नाही, आणि जन्मलं की आधी आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळतात. पण रत्ना त्या रीतीच्या आड लपून बसली होती. रात्रंदिवस तिच्या मनात एकच. सुया धरल्या आणि मनगटाने दगा दिला तर? टाके सैल पडले, हात थरथरला, तर मग कायमचं ठरलं की हात गेला. त्यापेक्षा धरायच्याच नाहीत.

मी ठरवलं, हिला चार दिवस समुद्रावर बसवायची. तिची मैत्रीण ॲग्नेस रोझारिओ मढला राहते. ती मुलुंडच्या एका प्रसूतिगृहात नर्स होती. बाळंतिणींना रत्नाचं घर तीच दाखवायची, तेव्हापासूनची दोस्ती. आता रिटायर झालीय. समुद्राच्या तोंडावर तिचं छोटं घर आहे, त्यातली एक खोली आणि पडवी ती सुट्टीला येणाऱ्यांना देते. वर्सोव्याहून मीच रत्नाला होडीत बसवलं. पुढचं सगळं मला तिने सांगितलं, थोडं ॲग्नेसने.

पोचल्या पोचल्या रत्नाने बॅग उघडली आणि मला फोन.

“दादा, माझ्या बॅगेत सुया कोणी टाकल्या?”

“कुठल्या सुया?”

“तुझ्या. तारेच्या. एकीला बाक आहे, मी ओळखत नाही का?”

“अगो, तिकडे वारा असतो. अंबाड्यात खोचायला होतील.”

“तू मला आरामाला पाठवलंस की परीक्षेला?” आणि फोन कट.

सुया तिने बॅगेच्या तळाशी टॉवेलखाली दाबून ठेवल्या. मग झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उठली. लग्न झाल्यापासून ती नऊला उठल्याचं मला तरी माहीत नाही. पडवीत खुर्ची टाकून बसली. समोर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील सुकत होते, त्यांच्यामागे पाणी. ॲग्नेस तिला काही करू देईना. “तू नुसती बस गं. मासळी मी तळते, तू खा.” रत्ना खाऊन बसायची, बसून पेंगायची. खांदे सैल झाले, जेवण गोड लागायला लागलं. ॲग्नेसला मात्र एक गोष्ट दिसत होती. रत्ना होड्या बघत बसली की मांडीवर तिचा अंगठा आणि पहिलं बोट आपोआप हलायचं. सुलट, उलट. सुलट, उलट.

तिसऱ्या दिवशी सकाळी ॲग्नेसने ट्रंकेतून एक पिवळा स्वेटर काढून तिच्या मांडीवर टाकला. तिची मुलगी ॲश्ली तान्ही असताना रत्नानेच विणलेला, सव्वीस वर्षांपूर्वीचा. एका बाहीला कसर लागलेली.

“हे जुनं आहे की नाही?” ॲग्नेसने विचारलं.

“आहे.”

“तुमच्यात जुनं चालतं ना? मग उसव आणि नातवाचं टोपडं कर.”

“ॲश्लीचा स्वेटर कशाला मोडायचा गं?”

“ॲश्लीच्या आता त्यात कोपर पण जाणार नाही! कारणं नको सांगू. चाळीस वर्षं लेबर रूममध्ये काढलीत मी. घाबरलेली बाई मला लांबून कळते.”

रत्नाने स्वेटर घडी घालून तिच्याकडे परत सरकवला. ॲग्नेस खाली बसली आणि कात्री घेऊन स्वतःच स्वेटर मोडायला लागली. खालच्या काठाकडून! खालून उसवायला गेलं की लोकर अडते, गुंता होतो. रत्नाने दोन मिनिटं दम धरला. तिसऱ्या मिनिटाला तिच्याने राहवेना.

“सोड, सोड! वाट लावशील! आधी खांद्याची शिवण, मग गळ्याकडून. नर्स होतीस तू, डोकं आधी येतं हे मी सांगायचं?”

ॲग्नेस हसत बाजूला झाली. ती मुद्दाम खालून लागली होती की खरंच तिला येत नव्हतं, हे ती मला अजून सांगत नाही.

उसवलेली लोकर शेवयांसारखी वेटोळी असते, धुऊन ताणून वाळवावी लागते. रत्नाने खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड केली, धुतली, आणि ती आत जाऊन येईपर्यंत ॲग्नेसने लड बोंबलांच्या दोरीवर टांगली, खाली दगड बांधून.

“अगं बाई! बाळाला बोंबलाचा वास येईल!”

“मालवणी बाळ ना? रडायचं लगेच थांबेल.”

लोकर पुन्हा धुवावी लागली. चौथ्या दिवशी दुपारी ती कोरडी झाली आणि लपायला जागा उरली नाही. रत्नाने टॉवेलखालून सुया काढल्या. टाके घातले. विसावा टाका घालताना मनगटात कळ आली, तशी ती थांबली. हात मांडीवर ठेवला, पाण्याकडे बघितलं, पुन्हा उचलला. पहिली ओळ इतकी घट्ट की सुई शिरेना. दुसरी बरी. मग मढच्या धक्क्याकडे एक होडी वळली, रत्ना तिच्याकडे बघत राहिली, आणि होडी लागून माणसं उतरली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण खाली बघितलेलंच नाही. तीन ओळी झाल्या होत्या. सारख्या.

तिने गाऊनच्या बाहीने डोळे पुसले, ॲग्नेसकडे दोन चमचे साखरेचा चहा मागितला आणि मला फोन लावला.

“दादा, हात आहे.”

एवढंच बोलली. मी दुकानात होतो. समोरच्या गिऱ्हाइकाचं पंक्चर फुकट काढून दिलं आणि त्याला टोपड्याची सगळी गोष्ट ऐकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या होडीने मी तिला आणायला गेलो. पडवीत बसली होती, सुईवर चार बोटं पिवळं टोपडं. मी हातात घेतलं, फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘माझ्या सुया.’

रत्नाने टोपडं ओढून घेतलं, उजेडात धरलं. “सातव्या ओळीत एक टाका उलट पडलाय.”

“कुठे? मला तर दिसत नाही.”

“तुला कधी दिसलंय?” असं बोलून तिने सुई सर्रकन काढली आणि धागा ओढला. माझ्या डोळ्यांसमोर अख्खं टोपडं उसवत गेलं.

“अगो रत्ने, काय करतेस! काल एवढ्या मुश्किलीने...”

“ओरडतोस काय?” ती हसली. मनगट मोडल्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली. “हात पुढे कर, लोकर धर. परत विणेन की.”