स्थळवाले काका

ते बेल कधीच वाजवायचे नाहीत. एका बोटाने दारावर दोनदा टकटक करायचे आणि दोन पावलं मागे सरकून चपला काढायला लागायचे. आत बोलावलं नसलं तरी.

वसुलीवाला म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो, तसे ते नव्हते. पन्नाशी उलटलेले, अर्ध्या बाहीचा इस्त्रीचा शर्ट. गळ्यातलं ओळखपत्र जिना चढतानाच खिशात सरकवलेलं. पहिल्या नोकरीत मी क्रेडिट कार्ड घेतलं, ऐपतीबाहेर वापरलं, मग नोकरी गेली. काही वर्षांनी बँकेने ते जुनं कर्ज एका एजन्सीकडे दिलं आणि एजन्सीने आमच्या भांडुपच्या घरी यांना पाठवलं. तोवर मला दुसरी नोकरी लागली होती, पण पगार जेमतेम होता.

पहिल्या दिवशी मी इंग्रजीतच बोलत सुटले. घाबरले की माझं असंच होतं, शाळेची सवय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मराठीत भांडा ना ताई. मला तेवढं कळत नाही, उगाच तुम्ही दमाल."

दर खेपेला एक वाक्य ठरलेलं. "विचारणं माझं काम, खरं सांगणं तुमचं काम." जमणार नसेल तर जमणार नाही म्हणा, पण खोटी तारीख देऊ नका, एवढंच त्यांचं मागणं.

दुसऱ्या खेपेला समोरच्या काकूंनी दार उघडलं. "कोण पाहिजे?"

काकूंना कळलं की सोसायटीच्या ग्रुपवर आलंच म्हणून समजा.

"मुलीसाठी स्थळ आणलंय," ते म्हणाले.

आत आल्यावर घाम पुसत म्हणाले, "माफ करा ताई, दुसरं काही सुचलं नाही."

"असू दे," आई चहा ठेवत म्हणाली. "निदान कुणीतरी आणलं."

पुढच्या महिन्यात त्यांच्या खाकी पाकिटाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं होतं. आत माझ्या थकबाकीची नोटीस. "मिसेसने लावलं," ते लाजत म्हणाले. "म्हणाली, खोटं बोलायचं तर नीट बोला."

आता मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे.

त्याच एजन्सीची फोनवरची माणसं वेगळी होती. ती दिवसाला दहादा फोन करायची, घाण बोलायची. दर वेळी नाव नवं, नंबर नवा. एकदा त्यांनी माझ्या ऑफिसच्या रिसेप्शनला फोन करून सगळं सांगितलं. त्या दुपारी मी बँकेच्या साइटवर तक्रार लिहायला बसले. फॉर्ममध्ये एक रकाना होता, वसुली प्रतिनिधीचं नाव. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना.

मला एकच खरं नाव माहीत होतं. पहिल्या दिवशी काकांनी दाखवलेल्या ओळखपत्रावर वाचलेलं.

मी ते लिहिलं. हे गृहस्थ चांगले आहेत, त्रास देणारे दुसरे आहेत, हे लिहायला खाली भरपूर जागा होती. मी लिहिलं नाही. कोणीतरी नीट चौकशी करेलच, असं स्वतःला सांगितलं.

फोन बंद झाले. त्या महिन्यात दारावर टकटकही झाली नाही. मग बँकेतून एका बाईंचा फोन आला.

"मॅडम, त्या एजंटला कामावरून काढलंय. तक्रार क्लोज करू ना?"

तेव्हाही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं, कुठल्याही भाषेत.

मी "थँक यू" म्हटलं.

आईला वाटतं त्यांची बदली झाली. कर्ज मी हप्त्यांनी फेडलं. ते हळदकुंकवाचं पाकीट अजून माझ्या कपाटात आहे. फेकवत नाही आणि उघडवतही नाही.

परवा जिन्यात काकूंनी अडवलं.

"अगं, ते स्थळवाले काका बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत?"

"पत्रिका जुळली नाही, काकू."

"अरेरे. माणूस सज्जन वाटायचा गं."

मी हो म्हटलं आणि कुलपात चावी फिरवत राहिले. दार केव्हाच उघडलं होतं.